रिकामी सीट आणि तुटलेली तार

मोटारीच्या पुढच्या डाव्या सीटवर कोणी बसले आहे की नाही, हे मोटारीला कसे कळते? याचे अर्धे उत्तर शाळेतल्या साध्या विद्युतमंडलात सापडते. उरलेले अर्धे जरा अवघड आहे, कारण तेथे दुसराच प्रश्न उभा राहतो. सीट रिकामी आहे असे यंत्र सांगते, तेव्हा ती खरोखर रिकामी असते, की यंत्राचीच वाचा गेलेली असते?

मोटारीला ही चौकशी दोन कारणांसाठी करावी लागते. पहिले कारण सीटबेल्टचे. १ जुलै २०१९ पासून भारतात बनणाऱ्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारी सोय सक्तीची आहे. ड्रायव्हर तर असणारच, पण शेजारची सीट पुष्कळदा रिकामी असते. रिकाम्या सीटसाठी बझर वाजू लागला तर माणूस वैतागेल. म्हणून आधी कोणी बसले आहे का ते पाहायचे आणि मगच बेल्टची विचारणा करायची.

दुसरे कारण एअरबॅगचे. धडक बसली की ही पिशवी सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात फुगते. बेल्ट लावून नीट बसलेल्या प्रौढ माणसाला ती वाचवते; पण पिशवीच्या अगदी जवळ असलेल्या लहान मुलासाठी तिचा तडाखाच जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पिशवी फुगल्यामुळेच २९० हून अधिक मृत्यू झाल्याचा तेथील सरकारी अंदाज आहे. मृतांत मुलांची संख्या मोठी होती. याच काळात तेथे नियम बदलले आणि समोर कोण बसले आहे हे ओळखून पिशवी रोखून धरणाऱ्या सीट आल्या. त्यांची चाचणी पुतळे बसवून करतात. सहा वर्षांच्या मुलाचा पुतळा सुमारे २३ किलोचा असतो आणि लहान चणीच्या स्त्रीचा सुमारे ४९ किलोचा. या दोघांतला फरक सीटने ओळखायचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत इतकी हुशार सीट नसते. तिचे काम बेल्टच्या आठवणीपुरतेच असते. या लेखात आपण मुख्यतः तिचाच विचार करू.

सीटच्या कापडाखाली, फोमच्या वर, प्लॅस्टिकची एक पातळ चटई असते. चटईत दोन पापुद्रे असतात आणि दोन्हींवर विद्युतवाहक शाईचे ठिपके असतात. मध्ये भोके पाडलेला तिसरा पापुद्रा असतो. कोणी बसले की भोकांच्या जागी वरचा ठिपका खालच्याला टेकतो आणि मंडल पूर्ण होते. घरातल्या रिमोटच्या बटणाखाली साधारण हेच घडते. म्हणजे ही चटई वजन मोजतच नाही, ती दाब ओळखते.

हा फरक मुलांना आकड्यांनी पटवून देता येतो. सिन्नर तालुक्यात टोमॅटो पिकतो आणि बाजारात तो २० किलोच्या क्रेटने जातो. क्रेटचा तळ ५० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ १५०० चौरस सेंटिमीटर होते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सरासरी १३ ग्रॅम भार येतो. आता ५ किलोचे दप्तर घ्या. ते उभे ठेवले आणि तळ ३० गुणिले १० सेंटिमीटर असला, तर हाच भार जवळजवळ १७ ग्रॅम होतो. चौपट हलके दप्तर क्रेटपेक्षा जास्त दाब देते! सीटवर पुस्तकांची पिशवी ठेवली की बझर वाजतो आणि लोक म्हणतात, सेन्सर बिघडला. तो बिघडलेला नसतो. त्याला जे कळते तेच तो सांगत असतो.

या गोंधळावर एक सुरेख उपाय आहे. काही चटयांत डावीकडचे ठिपके एकमेकांना समांतर जोडतात, उजवीकडचेही तसेच, आणि हे दोन गट एकसरीत जोडतात. मग डावीकडचा किमान एक आणि उजवीकडचा किमान एक ठिपका दाबला गेला, तरच प्रवाह वाहतो. माणूस दोन्ही मांड्यांवर बसतो. पिशवी बहुधा एकाच बाजूला पडलेली असते. एकसर आणि समांतर जोडणीचे गणित सोडवताना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे.

आता बिघाडाकडे वळू. सिन्नरच्या आमच्या एका शिक्षकमित्रांच्या मोटारीत सीट रिकामी असतानाही मधूनच बझर वाजू लागला. नाशिकला जाताना मोहदरी घाटात तर हमखास. गॅरेजमधून सल्ला मिळाला की सीटचा सेन्सर गेला, संपूर्ण गादी बदलावी लागेल. तोपर्यंत त्यांच्या भावाने बाजारातून एक छोटी धातूची क्लिप आणून बेल्टच्या खाचेत खोचली. बझर गप्प झाला. गैरसोय संपली आणि खरा धोका तेथूनच सुरू झाला. त्या सीटवर बऱ्याचदा मित्रांच्या आई बसतात. त्यांनी बेल्ट लावला नाही तरी मोटार आता काहीच बोलणार नव्हती, कारण क्लिपमुळे बेल्ट लावलेलाच आहे अशी तिची समजूत झाली होती.

या क्लिपा चांगल्याच खपत असत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर या क्लिपांची चर्चा झाली आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश दिले. क्लिपांच्या १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. आमच्या मते क्लिप विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण खोटा बझर सहन करत शंभर किलोमीटर गाडी चालवलेला माणूस ती का घेतो, हेही समजून घ्यायला हवे. खोटी हाकाटी करणारे यंत्र लोक बंदच करून टाकतात.

मित्रांना आम्ही गादी बदलण्याआधी दोन प्रश्न विचारले. बझर केव्हा वाजतो? आणि केव्हा वाजत नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगी पडले: सीट पुढे ओढलेली असली की वाजत नाही. सामान ठेवायला सीट पूर्ण मागे सरकवली की खड्ड्यांवर आणि वळणांवर वाजतो. चटई गादीत असते आणि गादीबरोबर पुढे-मागे सरकते. तिच्या दृष्टीने सीट पुढे काय आणि मागे काय, सारखेच. बदलते ती फक्त गादीपासून मोटारीच्या जमिनीपर्यंत येणारी तार. संशय तारेवर गेला.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी मंडल मध्येच तोडून दोन्ही भाग वेगवेगळे तपासावे लागतात. सीटखालचा कनेक्टर सोडवला आणि चटईच्या बाजूला मल्टिमीटर लावला. सीट रिकामी असताना रोध अनंत. हाताने दाबल्यावर काही ओहम. हात काढल्यावर पुन्हा अनंत. गादी हलवली, ठोकली, तरी फरक नाही. चटई निर्दोष ठरली. मग दुसऱ्या बाजूच्या दोन तारा तपासल्या. सीट मागे नेऊन वायरचा जुडगा हलवताच एक तार सीटच्या लोखंडी रुळाला, म्हणजेच मोटारीच्या सांगाड्याला, टेकत असल्याचे मीटरने दाखवले. रुळाच्या कडेवर घासून तारेचे आवरण गेले होते. या मोटारीत चटईची दुसरी तार सांगाड्यालाच जोडलेली असल्यामुळे मंडल चटईला वगळून बाहेरच पूर्ण होत होते. तार दुरुस्त केली, तिच्यावर नळी चढवली आणि ती रुळापासून दूर बांधली. खर्च गादीच्या किमतीच्या मानाने नगण्य. क्लिप काढून टाकली.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या मंडलाचे असतात. त्यांना मल्टिमीटर कधीही लावू नये. रोध मोजण्यासाठी मीटर स्वतःचा प्रवाह सोडतो आणि पिशवी पेटवणारा भाग प्रवाहानेच पेटतो. सीटखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडून पुस्तिकेत दिलेली काही मिनिटे थांबावे लागते, कारण धारित्रात ऊर्जा साठलेली असते. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. वर्गात मोटार आणू नये, प्रतिकृती करावी.

मित्रांच्या मोटारीतला दोष निदान बोलका होता. समजा, तार रुळाला टेकण्याऐवजी तुटलीच असती, तर? साध्या चटईत रिकाम्या सीटचा रोध अनंत आणि तुटलेल्या तारेचाही अनंत. दोन्ही एकसारखे दिसतात. बझर कधीच वाजला नसता आणि कोणी गॅरेजमध्ये गेलेच नसते. हजेरीपटावरचा कोरा रकाना पाहून मुलगा गैरहजर होता की गुरुजींनी हजेरीच घेतली नव्हती, हे जसे सांगता येत नाही, तसेच हे.

यावरचा उपाय प्रतिकृतीत करून पाहू. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन त्यांवर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवा. चमकत्या बाजू समोरासमोर ठेवून मध्ये भोके पाडलेला पातळ फोम घाला. ही झाली चटई. तिच्याशी एकसरीत २७० ओहमचा रोधक जोडा. आता चटई आणि हा रोधक यांच्या जोडीला समांतर असा १००० ओहमचा रोधक जोडा. मात्र तो चटईपाशीच हवा. तारेच्या दुसऱ्या टोकाला जोडला तर सगळा हेतू फसेल. का, ते मुलांना विचारा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हे रोधक सहज मिळतात. लांब तारेच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा.

खुर्चीवर कोणी नसताना मीटर १००० ओहम दाखवील. मुलगा बसला की १००० आणि २७० समांतर होतात आणि वाचन सुमारे २१३ वर येते. तार कापली तर अनंत. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर जवळजवळ शून्य. चार अवस्था, चार वेगळी उत्तरे. ‘रिकामी’ हेही आता एक ठाम उत्तर झाले. त्यानंतर एखादा जोड मुद्दाम वाईट करा, म्हणजे तारेत ३०० ओहमच्या आसपासचा रोध घाला. रिकाम्या खुर्चीला १३०० आणि बसलेल्याला ५१३ असे वाचन येईल. पावसाळ्यात गंजलेला कनेक्टर असाच वागतो. पुष्कळ मोटारींचे नियंत्रक याच तत्त्वावर स्वतःची तपासणी करतात आणि अपेक्षेबाहेरचे वाचन आले की डॅशबोर्डवर दिवा लावतात. आकडे मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.

आपल्या मोटारीतली चटई साधी आहे की स्वतःला तपासणारी, हे बाहेरून कळत नाही. म्हणून परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यावी. मोटार उभी असताना किल्ली फिरवून काही सेकंद थांबा. सीट रिकामी असेल तर शेजारच्या बेल्टचा दिवा विझलेला असला पाहिजे. मग एखाद्या मोठ्या माणसाला बेल्ट न लावता तेथे बसवा. दिवा लागला पाहिजे. सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून हेच पुन्हा करा. पहिली परीक्षा प्रवासात आपोआप होतच असते. दुसरी मुद्दाम घ्यावी लागते, आणि ती घ्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत.