सूर्याकडे वळणाऱ्या सांगाड्याचे पेटंट : ‘प्रसिद्ध झाले’ म्हणजे ‘मिळाले’ नव्हे

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौरऊर्जा प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. पॅनेलच्या नजर न पोहोचणाऱ्या रांगा खान्देशाने तेव्हा जवळून पाहिल्या. पुढे सौर कृषिपंपांच्या योजना आल्या आणि तेच पॅनेल जळगाव-धुळ्याच्या शेतांत, विहिरींच्या काठी दिसू लागले. पॅनेल कारखान्यातून तयार होऊन येते. त्यात शेतकऱ्याला किंवा गावातल्या वेल्डरला काही करता येत नाही. ते ज्यावर बसते तो लोखंडी सांगाडा, ज्याला या धंद्यात सगळे ‘स्ट्रक्चर’ म्हणतात, तो मात्र कापता येतो, वाकवता येतो, बिजागरी लावून फिरवता येतो. सुधारणा सुचतात त्या साहजिकच सांगाड्यात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचाही अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा आवडीचा विषय आहे.

मग कधीतरी बातमी येते : ‘अमुक यांच्या सौर यंत्रणेला पेटंट’. पुष्कळदा या बातमीचा खरा अर्थ एवढाच असतो की, अर्ज पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक पत्रिकेत प्रसिद्ध झाला. या चुकीतून वृत्तपत्रांनाही वगळता येत नाही. दाखल झालेला अर्ज १८ महिन्यांनी पत्रिकेत छापला जातो. जादा शुल्क भरून मागणी केली तर तो त्याआधीही छापून येतो. तोपर्यंत त्यातील कल्पना नवी आहे की जुनी, हे कोणीही तपासलेले नसते. ती तपासणी, म्हणजे पेटंट परीक्षण, नंतर होते आणि तेही आपोआप होत नाही. त्यासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करणे आवश्यक आहे. त्यापूर्वीच्या अर्जांना ४८ महिन्यांची मुदत होती. विनंती केलीच नाही, तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. पत्रिकेतील कात्रण चौकटीत लावून ठेवणाऱ्या अर्जदाराच्या हाती कायद्याने काहीही उरत नाही.

परीक्षकासमोर प्रश्न असतात ते मुख्यतः तीन. वस्तू नवी आहे काय? त्या क्षेत्रातील जाणकाराला ती सहज सुचली असती काय? आणि ती उद्योगात वापरता येते काय? तिसऱ्या प्रश्नावर सौर सांगाडे क्वचितच अडतात. अडतात ते पहिल्या दोहोंवर, कारण सूर्यामागे यंत्र फिरविण्याची कल्पना फार जुनी आहे.

किती जुनी, याचे उदाहरण मुंबईतच सापडते. विल्यम अॅडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८७० च्या दशकात मुंबईत नोकरीस होता. कुलाब्यातील आपल्या आवारात त्याने सपाट आरसे एका मोठ्या चौकटीवर बसविले. ती चौकट अर्धवर्तुळाकार मार्गावरून सरकत असे, आणि सूर्य जसजसा पुढे जाई तसतसा एक माणूस ती हाताने ढकलत असे. आरशांचा प्रकाश मधल्या बाष्पकावर पडून वाफ तयार होई आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चाले. या प्रयोगांवर त्याने लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाले. पेटंट कायद्याच्या दृष्टीने असे पुस्तक कालबाह्य होत नाही. उद्या एखाद्याने ‘सूर्यानुसार सरकणारी चौकट’ एवढ्यावरच हक्क मागितला, तर परीक्षक दीडशे वर्षांपूर्वीचे पान उघडून पुढे ठेवू शकतो. पूर्वज्ञान कुठल्याही देशातील, कुठल्याही भाषेतील आणि कितीही जुने असले तरी चालते.

आता सूर्य खान्देशातून कसा दिसतो ते पाहू, कारण सांगाड्याची सारी गुंतागुंत तिथून सुरू होते. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो. जूनमध्ये तो किंचित उत्तरेकडेही झुकलेला असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य भर दुपारी दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. म्हणजे उन्हाळ्यात पॅनेल जवळजवळ आडवे हवे आणि थंडीत चांगले तिरपे. कायम एकाच कोनात बसविलेले पॅनेल ही तडजोड असते. दिवसभरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वळणारा सांगाडा स्थिर सांगाड्यापेक्षा स्थळानुसार साधारणतः १५ ते २५ टक्के अधिक वीज देतो. पण वळणारा सांगाडा वाऱ्याला घाबरतो. पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या वादळात रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे सैल बिजागरीवरील पॅनेलचे काय होईल, हे सांगायला नको.

समजा, धुळ्यातील एखाद्या फॅब्रिकेशन कारागिराने एक सांगाडा तयार केला. एक खांब, वर फिरणारी चौकट, बाजूला भोके पाडलेली कमानदार पट्टी आणि हव्या त्या भोकात अडकविण्याची खीळ. ऋतूनुसार खीळ बदलली की कल बदलतो. शिवाय त्याने एक स्प्रिंग बसविली आहे : वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की खिळीचा अडसर सुटतो आणि पॅनेल आपोआप आडवे होते. मोटार नाही, वीज नाही. त्याने अर्ज केला आणि पहिल्या दाव्यात लिहिले : ‘खांबावर बसविलेली व कल बदलता येणारी सौर पॅनेलची चौकट’.

येथे दावा या शब्दाकडे लक्ष द्यावे लागते. पेटंटच्या दस्तऐवजात पानेच्या पाने वर्णन असते, आकृत्या असतात. परंतु कायदेशीर हक्क मिळतो तो शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांपुरताच. परीक्षकही तपासतो ते दावेच. आपल्या कारागिराच्या अर्जाला तो आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ‘एच-०२-एस, २०/३०’ या खणात टाकील. हलविता येणाऱ्या, कोन बदलता येणाऱ्या सौर आधार-सांगाड्यांचा हा खण आहे. सूर्यामागे फिरणाऱ्या यंत्रणांसाठी त्याच्याच पोटात ‘२०/३२’ आहे, आणि पाणी तापविणाऱ्या सौर संग्राहकांचे सांगाडे ‘एफ-२४-एस’ या वेगळ्या कपाटात ठेवलेले असतात. या खणांत जगभरचे दस्तऐवज खच्चून भरलेले आहेत. पण या अर्जासाठी तितके दूर जाण्याचीही गरज नाही. सौरपंपांसाठी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ठरवून दिलेल्या तांत्रिक निकषांतच ऋतूनुसार कल बदलण्याची आणि दिवसातून तीन वेळा हाताने दिशा बदलण्याची सोय नमूद आहे. सरकारी निकषांचा कागद हाही प्रसिद्ध झालेला दस्तऐवजच. कारागिराचा पहिला दावा तिथेच कोसळतो.

पहिला परीक्षण अहवाल असा हाती आला की अनेक अर्जदार खचतात. वास्तविक अशा अहवालात आक्षेप असणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. उत्तरासाठी सहा महिने मिळतात आणि मागितल्यास आणखी तीन. कारागिराला आता दावा आकसून घ्यावा लागेल : निव्वळ कल बदलणारी चौकट नव्हे, तर ‘ठरावीक वाऱ्याच्या दाबाखाली सुटणारा स्प्रिंगचा अडसर असलेली चौकट’. मोठ्या प्रकल्पांत वारा वाढताच मोटारीने पॅनेल आडवे करण्याची पद्धत आधीच रूढ आहे, तेव्हा परीक्षक तिचा दाखला देईलच. मोटारीशिवाय, केवळ यांत्रिक अडसराने हे साधणे जाणकाराला सहज सुचले असते काय, यावर सगळे अवलंबून राहील. उत्तर होकारार्थी येईल की नकारार्थी, हे त्या स्प्रिंगची रचना किती वेगळी आहे आणि तशी कुठे आधी छापली गेली आहे काय, यावर ठरेल.

मात्र एक अट आहे, आणि बहुतेक घरगुती अर्ज तिच्यावरच बुडतात. दावा बदलता येतो तो मूळ अर्जात जे सांगितले होते त्याच्या मर्यादेतच. कायद्याचे कलम ५९ नवीन मजकूर आत शिरू देत नाही. स्प्रिंगची रचना, तिचा ताण, अडसर कसा सुटतो आणि पुन्हा कसा बसतो, हे पहिल्याच दिवशी आकृतीसह लिहिले नसेल, तर नऊ महिन्यांच्या मुदतीत कितीही पाने लिहिली तरी ती उपयोगी पडत नाहीत. कारागिराला खांब आणि चौकट महत्त्वाची वाटते, कारण लोखंड तिथे जास्त लागले. परीक्षकाच्या लेखी सगळी किंमत त्या वीतभर स्प्रिंगची असते.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची अडचण वेगळी. त्यांत बहुधा प्रकाश ओळखणारे दोन संवेदक, एक छोटी मोटार, एक नियंत्रक आणि जोडीला पॅनेल पुसणारा ब्रश असतो. हे सगळे भाग ओळखीचे आणि प्रत्येक जण आपापले काम पूर्वीप्रमाणेच करतो. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ (फ) नुसार, परस्परांशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी हा शोध ठरत नाही. या कलमासाठी नेहमी दिले जाणारे उदाहरण पंखा बसविलेल्या छत्रीचे. छत्री सावली देते, पंखा वारा देतो. दोघांनी मिळून तिसरे काही घडविलेले नाही. ब्रश आणि संवेदक यांच्यात मात्र काही नवे नाते जुळले असेल, जसे की पॅनेल एका विशिष्ट कोनात उलटे आल्यावर ब्रशला मोटारच लागत नाही, तर मुद्दा बदलतो. पॅनेलखाली पिके घेण्याच्या प्रयोगांनाही एक कुंपण आहे. उंच सांगाड्यावर पेटंट मागता येते. त्याखाली पीक घेण्याच्या पद्धतीवर नाही, कारण शेतीची पद्धत कलम ३ (ह) ने वगळलेली आहे.

‘सहज सुचणे’ म्हणजे नेमके काय, याचा भारतातील पायाभूत निकाल भांड्यांच्या कारखान्यातून आला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात वाद होता तो लेथवर भांडी घासण्या-कातण्यासाठी धरून ठेवण्याच्या साधनाचा. पेटंट रीतसर मिळालेले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये ते अवैध ठरविले. आधीपासून माहीत असलेल्या यंत्रात केलेली ही कारखान्यातील नेहमीची सुधारणा आहे, शोध नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सुधारणा उपयोगी असेल, स्वस्त असेल, तरी तेवढ्याने भागत नाही. लोखंडी सांगाड्यांची अनेक प्रकरणे याच रेषेवर तोलली जातात. या निकालाचा दुसरा भागही लक्षात घेण्याजोगा आहे : पेटंट मंजूर झाले म्हणजे त्याची वैधता सिद्ध झाली, असे कायदा मानत नाही. मंजुरीपूर्वी कोणीही आणि मंजुरीनंतर वर्षभरात कोणीही हितसंबंधी व्यक्ती विरोध दाखल करू शकते.

खान्देशातील अर्जदाराच्या दृष्टीने सर्वांत महागडी चूक अर्जाच्याही आधी होते. सांगाडा तयार झाला, की तो कृषी प्रदर्शनात मांडला जातो, गावकऱ्यांसमोर चालवून दाखविला जातो, त्याची चित्रफीत मोबाइलवरून फिरते, बातमी छापून येते. यातली प्रत्येक गोष्ट पूर्वज्ञान होऊ शकते, तेही अर्जदाराने स्वतःच निर्माण केलेले. कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे. पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला. तालुक्याच्या ठिकाणचे नेहमीचे प्रदर्शन त्यात बसत नाही. शेतात चाचणी घेणे अपरिहार्यच असेल, तर वाजवी चाचणीसाठी केलेल्या उघड वापरालाही वर्षभराचे संरक्षण आहे, मात्र ती चाचणी खरोखर आवश्यक होती हे दाखवावे लागते.

यावर उपाय आहे तो तात्पुरत्या विनिर्देशाचा. शोध पूर्णत्वास गेला नसला तरी त्याचे वर्णन आणि आकृती दाखल करून तारीख राखून ठेवता येते आणि पूर्ण विनिर्देश बारा महिन्यांत देता येतो. व्यक्ती, नवउद्योग, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये, तर परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. मोठ्या कंपन्यांना हेच आकडे ८,००० आणि २०,००० असे आहेत. पेटंट प्रतिनिधीचे शुल्क अर्थातच वेगळे. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण दाखल करण्यासाठी मुंबईला जावे लागत नाही आणि सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील शोधसुविधा विनामूल्य आहे. तिथे वर्गीकरणाचा तो ‘२०/३०’ खण टाकून दोन संध्याकाळी घालविल्या, तर आपल्या सांगाड्यातील कोणती खीळ आधीच कोणीतरी ठोकून ठेवली आहे, हे परीक्षकाच्या अहवालाची वाट न पाहताच कळू शकते.