मिसिंग गाडीचे, आळ पेट्रोलवर

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली, तरी जुन्या मोटारींच्या मालकांची कुरबुर थांबलेली नाही; आणि गॅरेजवाल्यांना तर या वादाने आयतेच उत्तर मिळवून दिले आहे, कारण ‘मिसिंग’ची तक्रार आली की ‘हल्लीचे पेट्रोलच तसले’ असे म्हणून बॉनेट बंद करता येते. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण एखाद्या फेरीत न पेटणे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असताना सेकंदाला 100 वेळा ठिणगी पेटावी लागते, आणि त्यांतल्या दोन-चार चुकल्या तरी गाडी झटका देते, लगेच सावरते आणि मेकॅनिकसमोर उभी केली की शहाण्यासारखी चालते.

इथेनॉल अगदी निर्दोष आहे असे नाही. ते ओलावा शोषते, जुन्या टाकीतला साका सुटा करून फिल्टर तुंबवते आणि त्यातील ऑक्सिजनमुळे मिश्रणातील पेट्रोलचा वाटा कमी पडतो. ही तूट ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी बऱ्याच अंशी भरून काढते, कार्ब्युरेटरच्या गाडीला मात्र ती सोय नाही. परंतु टाकीतले पेट्रोल चारही सिलिंडरांना एकच जाते, त्यामुळे अडखळणारा सिलिंडर नेहमी एकच असेल, तर सगळा दोष पेट्रोलवर ढकलणे हे निदान नव्हे, निव्वळ पळवाट आहे.

अशा वेळी पहिला संशय ठिणगीच्या वाटेवर घ्यावा लागतो. इग्निशन कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि तो दाब प्लगच्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पाडतो. घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि तीच फट ओलांडायला अधिक व्होल्ट लागतात. मग प्लगच्या वायरचे आवरण तडकलेले असेल, तर करंट फट सोडून जवळच्या लोखंडात उतरतो. सपाट रस्त्यावर गुणी असलेली गाडी कसाऱ्याच्या चढावर झटके का देते, याचे उत्तर येथे सापडते. प्लग काढून पाहिला, तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते, ती या गळतीची खूण. ती पुसून प्लग परत बसवणारे महाभाग कमी नाहीत. अंधारात इंजिन सुरू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला की गळतीच्या जागी निळसर ठिणग्या नाचू लागतात. ही जुनी युक्ती आजही खोटी ठरत नाही, फक्त त्या वेळी वायरींना हात लावायचा नाही.

स्कॅनरवर विसंबण्यालाही मर्यादा आहे. इंजिनाचे मिसिंग स्वतः ओळखणारी ओबीडी-2 प्रणाली भारतात एप्रिल 2013 पासून बंधनकारक झाली, तेव्हा त्याआधीच्या अनेक गाड्यांत स्कॅनर लावूनही काही दिसत नाही. नंतरच्या गाडीत पी0301 हा कोड पहिल्या सिलिंडरकडे बोट दाखवतो, कारण मात्र सांगत नाही; प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिली कॉइल तिसऱ्यावर लावून कोड पी0303 झाला की दोष कॉइलचा, आणि तो जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन अशी चौकशी पुढे न्यायची. याला दहा मिनिटे लागतात आणि एकही नवा पार्ट लागत नाही, हेच बहुधा या पद्धतीच्या आड येते.

सिलिंडर ठरलेला नसेल, तर मिसिंग केव्हा होते याची नोंद अधिक उपयोगी पडते. फक्त आयडलिंगला असेल तर तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून शिरणारी हवा, इंजिन तापल्यावरच असेल तर क्रँक सेन्सर किंवा कॉइल, आणि खड्ड्यागणिक असेल तर एखादे सैल कनेक्शन पाहावे. बॅटरीच्या ऋण टोकाकडून इंजिनाच्या ठोकळ्यावर येणारी अर्थिंगची पट्टी मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते; कोकणच्या खाऱ्या हवेत पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीत ती बोल्टखाली हिरवी पडलेली सापडू शकते.