वयाचं किती, काळाचं किती?

भाईंदरजवळच्या उत्तन या मच्छीमार गावातून मानवी विकास शिकवणारा विभाग गाठायचा तर आधी नाक्यावर बस धरायची. डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा करत ती भाईंदर पश्चिमेला स्टेशनवर सोडते. मग विरारहून भरून आलेली लोकल, सांताक्रूझला उतरून पुन्हा बस किंवा रिक्षा, आणि तेव्हा कुठे जुहूचं एसएनडीटी. पहाटे मासळी घ्यायची, बाजारात बसून विकायची, घरातल्यांचं जेवणखाण उरकायचं आणि वर हा प्रवास रोज करायचा, अशी बाई मला तरी कुणी दाखवावी.

तेव्हा इथे ऑनलाइन अभ्यासक्रमाची ओढ असते ती सरळ अंतरामुळे. त्यात वेळापत्रकाचा एक योगायोगही आहे. केंद्र सरकारचं ‘स्वयम’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावरचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून झाकलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, पुरुषमाणसं घरात. फॉर्म भरायला फुरसत मिळालीच तर ती याच दिवसांत.

पण प्रवेश घ्यायचा कशाला? मानवी विकास, आयुष्यभराचा विकास, विकासात्मक मानसशास्त्र. पाट्या वेगवेगळ्या, आतला माल साधारण तोच. गर्भापासून मृत्यूपर्यंत माणसाचं शरीर, बुद्धी, भावना आणि नाती कशी बदलत जातात याचा हा अभ्यास. मुंबई विद्यापीठात बी.ए.ला हा पेपर आहे, नर्सिंगच्या मुलींना मानसशास्त्रात तो थोडक्यात शिकावा लागतो, बी.एड.ला त्यातला बालपणाचा भाग येतो. पियाजे, बोल्बी, एरिक्सन हे या विषयातले अभ्यासक सगळीकडे भेटतात. एरिक्सनने १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि पुढे गांधीजींवर पुस्तक लिहून १९७० चं पुलित्झर मिळवलं. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये त्याचे टप्पे आपल्या आश्रमव्यवस्थेशेजारी ठेवून पाहिले. परीक्षेला हे आठ टप्पे हमखास येतात, आणि दुर्दैवाने बहुतेकांच्या डोक्यात तेवढेच राहतात.

माझ्या मते या विषयाचा खरा ऐवज टप्प्यांत नाही. तो एका प्रश्नात आहे: माणसात दिसणारा बदल वयामुळे किती आणि काळामुळे किती?

उत्तनच्या एखाद्या घरात हा प्रश्न एकाच ओट्यावर बसलेला दिसतो. आजोबा पंधरा वर्षांचे होते तेव्हा शिडाच्या होड्या अजून दिसत होत्या आणि जाळं सुताचं असे. मुलगा पंधराचा झाला तेव्हा इंजिन, नायलॉन आणि बर्फ आले होते. नातू पंधराचा आहे, त्याच्या हातात मोबाइल आहे आणि बोटीवर जीपीएस. आजोबांना मोबाइलवर पैसे पाठवता येत नाहीत, तर आपण पटकन म्हणतो, ‘वय झालं.’ वय झालंच आहे. पण ते ज्या काळात शिकायच्या वयाचे होते तेव्हा शिकायला हे नव्हतंच. या दोन गोष्टींची गल्लत शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं केली. विशीतली आणि सत्तरीतली माणसं एकाच दिवशी तपासायची, सत्तरीतल्यांचे गुण कमी आले की बुद्धी वयाबरोबर झपाट्याने उतरते म्हणायचं. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सिएटलला अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासत गेला. चित्र बरंच वेगळं निघालं. झटपट काम करण्याचा वेग लवकर मंदावतो हे खरं, पण शब्दसंपत्ती आणि भाषेची समज पन्नाशीपलीकडेही टिकते, कित्येकांत वाढते. म्हाताऱ्यांच्या कमी गुणांत त्यांच्या वाट्याला आलेल्या तुटपुंज्या शाळेचा मोठा वाटा होता. पंचेचाळिसाव्या वर्षी लॉग-इन करताना कचरणाऱ्या बाईने या अभ्यासापासूनच सुरुवात करावी.

काळाची दुसरी करामत ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने दाखवली. त्याचं पुस्तक १९७४ चं. कॅलिफोर्नियात १९२०-२१ मध्ये जन्मलेली ओकलंडची मुलं आणि १९२८-२९ मध्ये जन्मलेली बर्कलीची मुलं, असे दोन गट त्याने पुढे ताडून पाहिले. १९२९ नंतरच्या महामंदीने दोघांच्याही घरात तंगी आणली. मोठी मुलं तोवर कामाला हातभार लावण्याच्या वयाची झाली होती. घराला त्यांची गरज पडली, त्यात ती उलट सावरली. धाकट्यांचं, विशेषतः मुलग्यांचं, बालपणच त्या ओढाताणीत गेलं आणि त्यांच्यावर वळ जास्त उठले. म्हणजे संकट एक, पण ते कोणत्या वयात गाठतं त्यावर परिणाम ठरतो. २०२० च्या टाळेबंदीत चार वर्षांचं आणि सोळा वर्षांचं मूल एकाच घरात असलेल्या आईला हे सांगायला अमेरिकेचं उदाहरण लागणार नाही. मात्र त्याकडे कसं बघायचं, काय विचारायचं, ही रीत एल्डरकडून घेता येते.

आपल्याकडेही तोलामोलाचं काम झालं आहे, पण परदेशी पाठ्यपुस्तकांत ते क्वचित सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. बायका गरोदर राहण्याआधीपासून नोंदी, मग बाळंतपण, मग मुलं वाढताना वर्षानुवर्षं मोजमाप. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने हडकुळी. तरीही कातडीखालची चरबी त्या हिशेबाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढे यातल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं आईच्या गरोदरपणातल्या बी-१२ आणि फॉलेटच्या पातळीशी जोडलेली दिसली. चाळिशीत निघणाऱ्या मधुमेहाचा एक धागा आईच्या पोटापर्यंत मागे जातो, हे गर्भावस्थेच्या धड्यात शिकवायला याहून जवळचं उदाहरण कोणतं? परदेशी अभ्यासक्रम घेतला तर हे जोडकाम तुमचं तुम्हालाच करावं लागेल.

तसंच तारा मोडकांचं. आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेला, बोर्डीला, त्यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे काम कोसबाडला गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली पाहिजे, हा विचार तिथे हाताने घडला. बोर्डीचं केंद्र सुरू केलं तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी बालविकासाला वाहून घेतलं, आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य प्रौढ विकासाच्या धड्यात बसतं.

म्हातारपणाच्या धड्यात पॉल बाल्टेस भेटतो. प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं, असं हा जर्मन मानसशास्त्रज्ञ सांगतो. नीट म्हातारी होणारी माणसं तीन गोष्टी करतात: निवडकच कामं ठेवतात, त्यांवर मेहनत वाढवतात आणि जे गेलं त्याची भरपाई शोधतात. त्याचं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं. ऐंशीच्या वयात त्याने वाजवायच्या रचना कमी केल्या, सराव वाढवला आणि द्रुत भागाआधीचा भाग मुद्दाम संथ वाजवला, म्हणजे पुढचा वेग जास्त वाटावा. बाल्टेसला उत्तनची जेट्टी दाखवली असती तर पियानोची गरज पडली नसती. बोटीवर जायचं थांबवलेला तांडेल जाळ्याच्या ढिगापाशी बसतो. डोळ्यांना दिसत नाही तिथे बोटांनी फाटलेला डोळा चाचपतो. नव्या खलाशाला फक्त गाठ दाखवतो आणि अंगमेहनतीचं ओढणं-बांधणं त्याच्यावर सोपवतो. वाळवणीवर म्हातारी बाई दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर जोडी टाकते, बोलता बोलता, हाताकडे न बघता. टोपली मात्र सून उचलते. निवड, मेहनत, भरपाई, सगळं तिथे आहे.

आता पैशाचा आणि कागदाचा भाग, कारण फसगत इथेच होते. ‘स्वयम’वर नाव नोंदवून शिकणं फुकट आहे. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरून नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागतं. आयआयटींच्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. स्वाध्यायांत १० आणि परीक्षेत ३० ही किमान अट आहे. पहिले दोन स्वाध्याय उत्साहात होतात, ऑगस्टात बोटी सुटल्या की बुडतात, हे गृहीत धरून आठवड्याचा एक वार आधीच राखून ठेवा. या प्रमाणपत्राचं श्रेयांकात रूपांतर मात्र तुम्ही एखाद्या कॉलेजात दाखल असाल आणि कॉलेजने तो अभ्यासक्रम मान्य केला असेल तरच होतं. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठांना सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेऊ देता येतात. कॉलेजात नसलेल्या गृहिणीला मिळतं ते प्रमाणपत्र. ‘घरबसल्या श्रेयांक’ अशी जाहिरात दिसली तर ‘कोणत्या विद्यापीठाच्या खात्यात?’ एवढंच विचारा. अमेरिकेत नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या नातेवाइकांनाही हाच सल्ला. तिथल्या अनेक कॉलेजांत प्रवेशाआधी हा विषय केलेला असावा लागतो. पण कुठला ऑनलाइन कोर्स चालेल हे ज्या कॉलेजला जायचं त्याच्याकडूनच लेखी घ्यावं.

मोठा बदल पदवीच्या बाबतीत झाला आहे. इग्नूच्या एम.ए. मानसशास्त्रात पहिल्याच वर्षाला आयुष्यभराच्या विकासाचा पेपर असे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तो घरून करता येई. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम नव्या प्रवेशांसाठी बंद केले. आधार २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याचा. समुपदेशक किंवा चिकित्सक व्हायचं तर माणसांसमोर, देखरेखीखाली काम शिकायला हवं, पडद्यावर ते येत नाही. इथपर्यंत आयोगाचं बरोबर आहे. पण मूल कसं वाढतं आणि माणूस कसा म्हातारा होतो हे समजून घेणं म्हणजे कुणावर उपचार करणं नव्हे. अंगणवाडी सेविका, शिक्षिका, घरी आजारी सासूची उस्तवार करणारी सून यांनाही हा चाकोरीबाहेरचा दरवाजा होता. दोन्हींना एकच कुलूप लावलं गेलं. आता उरतात ते सुटे अभ्यासक्रम. ते जरूर करा, फक्त त्या प्रमाणपत्रावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू नका, आणि ते दाखवून कुणी लावली असेल तर तिथे जाऊ नका.

भाषेची अडचण खरी आहे. व्याख्यानं बहुतांशी इंग्रजीत असतात. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ विभागाने बी.ए.साठी काढलेली मराठी पुस्तकं शेजारी ठेवली तर काम सोपं होतं. आधी मराठीतून धडा वाचायचा, मग व्याख्यान ऐकायचं. उलट केलं तर पहिल्याच आठवड्यात दम लागतो.

या विषयाच्या शिक्षकांचा एक आवडता स्वाध्याय असतो: एका लहान मुलाचं निरीक्षण आणि एका ज्येष्ठाची मुलाखत. उत्तनला दोन्हींची वाण नाही. केशवसृष्टीच्या परिसरात तर शाळाही आहे आणि ज्येष्ठांचा निवासही. मुलाखतीत ‘तुमचं बालपण कसं होतं’ असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघमच मिळतं. इंजिनाची पहिली बोट गावात आली तेव्हा तुम्ही केवढे होता, लग्न झालं होतं का, घरात कमावतं कोण होतं, असे ठरावीक घटनेला बांधलेले प्रश्न विचारा, म्हणजे वय आणि काळ वेगळे काढता येतील. परवानगी घ्या, लिहिताना नाव बदला. आणि सत्राच्या शेवटाची वाट न बघता हे काम जुलैतच उरकून टाका. १ ऑगस्टनंतर त्यांचा मुलगा समुद्रावर जातो, सून बाजारात, आणि आजोबा जेट्टीवर हिशेबाला बसलेले असतात. तेव्हा तुमच्या प्रश्नांना कुणाला वेळ नसतो.