विश्लेषण : मटणाचे चाप घरी शेकले की चिवट का होतात?

आखाडात बारामती, इंदापूरच्या घराघरांत चुलीसोबत आता कोळशाची शेगडीही पेटू लागली आहे. मात्र मसाला, पपई, दही सगळे वापरूनही बरगड्यांचे मटण दाताखाली रबरासारखे लागते, अशी तक्रार कायम असते. यामागे नेमके कारण काय, आणि त्यावर या भागातील जुन्या स्वयंपाकाकडेच उत्तर कसे आहे, याविषयी...

आखाड सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मटणाच्या दुकानांपुढील रांगा वाढतात. श्रावण लागायच्या आत एकदा तरी शेतावर, उजनीच्या काठाला किंवा घराच्या गच्चीवर बेत ठरतोच. पूर्वी या बेतात रस्सा, सुक्के आणि भाकरी असे. गेल्या काही वर्षांत त्यात शेगडीवर शेकलेल्या चापांची भर पडली. मोबाइलवर परदेशातील व्हिडीओ पाहून जाळी, चिमटा, कोळसा आणला जातो. पण ताटात येतात ते बाहेरून काळे आणि आतून चिवट चाप. किलोला सातशे रुपयांच्या पुढे गेलेले मटण पाहुण्यांसमोर असे फसले, की दोष खाटकाला किंवा कोळशाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा क्रमाची आणि वेळेची असते.

चाप आणि सीना, फरक काय?

सगळ्या बरगड्या सारख्या नसतात. पाठीच्या कण्याला लागून असलेला बरगडीचा भाग म्हणजे चाप. या ठिकाणचा स्नायू जनावराला फारसा ओढावा लागत नाही, त्यामुळे तो तुलनेने मऊ असतो. तीच बरगडी खाली छातीकडे जाते, त्या भागाला खाटीक सीना म्हणतात. तिथे मांस, चरबी आणि पांढरट चिवट पडदे यांचे थरावर थर असतात. चवीला हा भाग उजवा, पण शिजायला वेळखाऊ. अनेकदा दोन्ही भागांचे तुकडे एकाच पिशवीत येतात आणि एकाच वेळी जाळीवर पडतात. साहजिकच काही तुकडे बरे लागतात, काही चावता चावत नाहीत.

जनावराचे वयही महत्त्वाचे. वर्षाच्या आतील बोकडाचे मटण फिकट लालसर असते, बरगडीचे हाड बारीक आणि आतून तांबूस दिसते. वय वाढले की मांस गडद होते, हाड पांढरे आणि टणक होते. शेकण्यासाठी कोवळे मटण मागावे, ते यासाठी. बोल्हाईचे, म्हणजे मेंढीचे मटण घेणाऱ्यांना थोडा फायदा मिळतो. मेंढीच्या मांसात चरबी अधिक असल्याने ते निखाऱ्यावर लवकर कोरडे पडत नाही.

मटण मऊ होते म्हणजे नेमके काय होते?

स्नायूंचे धागे आणि ते बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे प्रथिन, असे मांसाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. या दोघांना लागणारी उष्णता परस्परविरोधी आहे, आणि सारी अडचण इथेच आहे.

स्नायूंचे धागे साधारण ५० अंश सेल्सिअसपासून आवळू लागतात. ६५ ते ७० अंशांच्या पुढे त्यांतील पाणी वेगाने बाहेर पडते. कोलॅजन ६० ते ६५ अंशांना आधी आकसते आणि मांसाला आणखी पिळते. मात्र ७० अंशांच्या पुढे, ओलाव्यात, पुरेसा वेळ मिळाला की तेच कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते. पाया सूप थंड झाल्यावर थरथरते, ते याच जिलेटिनमुळे. जिलेटिन धाग्यांमध्ये पसरले की मांस ओलसर आणि मऊ लागते.

म्हणजे अर्ध्या वाटेवर उतरवलेले मटण सर्वांत चिवट असते. पाणी निघून गेलेले असते आणि कोलॅजन अजून विरघळलेले नसते. धगधगत्या निखाऱ्यावर २० मिनिटे ठेवलेल्या सीन्याचे नेमके असेच होते. आच वाढवून हा वेळ वाचवता येत नाही. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. एकदा उकळी आली की गॅस कितीही मोठा केला तरी पातेल्यातील तापमान त्यापुढे जात नाही. वाया जातो तो फक्त गॅस.

परदेशी पद्धत इथे का फसते?

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. मांस भाजण्यासाठी वा सुकवण्यासाठी उभारलेला लाकडी सांगाडा, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत डुकराच्या बरगड्या झाकणबंद भट्टीत ११० ते १२० अंशांच्या हवेत पाच-सहा तास ठेवतात. त्या मांसात चरबी भरपूर असल्याने इतक्या वेळातही ते सुकत नाही. अनेक जण मधल्या टप्प्यात बरगड्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून वाफेवर शिजवतात.

आपल्याकडील उस्मानाबादी किंवा संगमनेरी बोकडाचे मांस मुळात कमी चरबीचे. चरबी मांसाच्या धाग्यांत कमी आणि गुर्द्याभोवती जास्त असते. त्यामुळे कोरड्या हवेत पाच तास ठेवलेला बोकडाचा चाप सुकून जातो. व्हिडीओत मधल्या टप्प्यात दाखवलेली वाफ आपल्याकडे पहिल्याच टप्प्यावर हवी.

अळणीचा उपाय काय?

पुणे आणि सोलापूरच्या सीमेवरील या पट्ट्यात मटण करायची जुनी रीत अशी की आधी मीठ, हळद, आले-लसूण लावून मटण स्वतःच्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. ही अळणी. मसाल्याची फोडणी त्यानंतर. पातेल्यावर ताट झाकून त्यात पाणी ओततात. वरचे पाणी ताट थंड ठेवते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंबाथेंबाने खाली पडते आणि पातेले कोरडे पडत नाही. कोलॅजन विरघळण्यासाठी लागणारी उष्णता, ओलावा आणि वेळ या तिन्ही गोष्टी त्यात मिळतात. शेकलेल्या चापांसाठीही हाच क्रम धरायचा. आधी अळणी, मग निखारा.

मटण ताजे घ्यावे की ठेवावे?

जनावर कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि साधारण दिवसभराने पुन्हा सैल होतात. सकाळी कापलेले मटण दुपारी जाळीवर टाकले, तर ते नेमके ताठरलेल्या अवस्थेत असू शकते. ताजे मटण लगेच फ्रीझरमध्ये टाकणे हाही उपाय नाही. ताठरण्याआधीच मांस फार थंड केले तर स्नायू आकसून मटण जास्त चिवट होते, हे न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. तिथल्या मांस निर्यातीसाठी तो कळीचा प्रश्न होता.

घरच्यासाठी साधा मार्ग असा : बारीक तुकडे न करता चार-पाच बरगड्यांची सलग पट्टी मागून घ्यावी. हाडाला धरलेले मांस फार आकसू शकत नाही. मीठ लावून ती रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. उन्हाळ्यात, पारा ३२ अंशांच्या वर असताना, कच्चे मटण तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. एरवी ही मर्यादा दोन तासांची.

पपई आणि दह्याचा उपयोग किती?

कच्च्या पपईतील पपेन हे विकर प्रथिने तोडते, हे खरे. पण ते पृष्ठभागापासून फार आत जात नाही. त्याचा जोर ६० ते ७० अंशांच्या दरम्यान सर्वाधिक असतो, म्हणजे खरे काम मुरताना कमी आणि तापताना जास्त होते. प्रमाण वाढले की बाहेरचा थर पिठूळ आणि आतला चिवट, अशी विचित्र अवस्था होते. किलोला एक चमचा वाटण आणि अर्धा तास, इतके पुरे. दही चव देते आणि मसाला धरून ठेवते, पण सीना मऊ करण्याची ताकद त्यात नाही. खरा उपयोग मिठाचा. मीठ हळूहळू आत जाते आणि धाग्यांना पाणी धरून ठेवायला मदत करते. किलोला १२ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे मीठ आदल्या रात्री लावावे.

प्रत्यक्ष कृती कशी?

एक किलो बरगड्यांना मीठ, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे आले-लसूण वाटण लावून रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात थोडे तेल घालून पट्ट्या दोन्ही बाजूंनी परताव्यात. अर्धी वाटी गरम पाणी घालून वर पाण्याचे ताट झाकावे. पाणी खळखळू न देता, मधूनच एखादा बुडबुडा येईल इतक्या मंद आचेवर चापांना साधारण सव्वा तास आणि सीन्याला दोन तास लागतात. जून मटणाला त्याहून जास्त. ओव्हन असेल तर फॉइलने घट्ट झाकून १५० अंशांवर दोन ते अडीच तास.

कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांपर्यंत जाते. त्यामुळे कोलॅजन झटपट विरघळते, पण धागेही जास्त पिळले जातात. घाई असेल तर एक शिट्टी, मग मंद आचेवर १५ ते २० मिनिटे, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतले पाणी एकदम उकळते आणि मटण सुकते.

घड्याळापेक्षा खूण पाहावी. हाडाचे टोक साधारण बोटाच्या नखाएवढे उघडे पडले आणि काडी टोचल्यावर अडली नाही, की मटण तयार. मात्र ते हाडावरून गळून पडता कामा नये, नाहीतर जाळीवर उचलताच येत नाही. पट्ट्या त्याच पाण्यात अर्धा तास राहू द्याव्यात. नंतर बाहेर काढून १५ मिनिटे कोरड्या होऊ द्याव्यात. ओल्या पृष्ठभागावर खरपूस थर येत नाही, कारण त्यासाठी १४० अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ओलावा असेपर्यंत पृष्ठभाग तिथवर पोचत नाही. उरलेली अळणी फेकू नये. रस्सा तिचाच होतो.

निखारे कोणते आणि किती?

या भागातील माळावर आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेली. टेक्सासमध्ये बार्बेक्यूसाठी नावाजलेले मेस्कीट लाकूड हे तिच्याच कुळातले. त्यामुळे वेडी बाभळीचा कोळसा असेल तर आयात कोळशावर पैसे घालवायची गरज नाही. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड मात्र कधीही जाळू नये. मांस टोचायला कण्हेरीच्या काड्या वापरू नयेत, ते झाड विषारी आहे. जस्ताचा मुलामा असलेली जाळीही टाळावी.

ज्वाळा विझून कोळशावर राखेचा पांढरा थर आला की सुरुवात करावी. जाळीच्या उंचीवर तळहात चार-पाच सेकंद धरवला, तर आच मध्यम आहे. मटण आधीच शिजलेले असल्याने आठ-दहा मिनिटे पुरतात. चरबी निखाऱ्यावर गळून भडका उडाला तर पट्टी बाजूला सरकवावी. त्या काळ्या धुरातील काही घटक आरोग्याला घातक असतात, आणि करपलेल्या भागाला चवही कडू येते.

अमेरिकन पद्धतीत शेवटी मळी किंवा साखरेचा गोड लेप देतात. उसाच्या या पट्ट्यात त्याला काकवीचा पर्याय आहे. दोन चमचे काकवी, एक चमचा कांदा-लसूण मसाला आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र करून शेवटच्या दोन मिनिटांत लावावा. आधी लावला तर साखर करपते आणि चाप पुन्हा काळे होतात.

कोणती काळजी अत्यावश्यक?

पावसाळ्यातच आखाड येतो, त्यामुळे शेगडी घरात किंवा काचा लावलेल्या गॅलरीत घेण्याचा मोह होतो. हे जिवावर बेतू शकते. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असा समज करून घेऊ नये. लाल निखारे धूर न देताही हा वायू सोडत असतात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही सुरुवातीची लक्षणे असून अनेकदा ती जेवणाची किंवा जागरणाची समजली जातात. शेगडी उघड्यावर किंवा चारही बाजूंनी मोकळ्या पत्र्याखालीच पेटवावी. बेत संपल्यावर अर्धवट विझलेले निखारे उबेसाठी खोलीत नेऊ नयेत, पाणी टाकून ते पूर्ण विझवावेत. पाऊस थांबतच नसेल, तर शेवटचा टप्पा गॅसवरच्या लोखंडी तव्यावर करावा. निखाऱ्याचा वास तेवढा मिळणार नाही, पण मऊपणात काही फरक पडत नाही, कारण चाप मऊ झाले ते आधीच्या दोन तासांत, अळणीच्या पातेल्यात.