फुकट आणि मुक्त : घरगुती अँटेनाच्या टीव्हीचं पुढे काय?



वर्गणी न भरता, नुसत्या अँटेनावर दिसणाऱ्या टीव्हीचं भवितव्य काय, हा आजचा प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण आधी प्रश्नातला शब्द तपासतो. इथे तो शब्द आहे ‘फ्री’. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. या दोहोंत आपण नेहमी गल्लत करतो, आणि या विषयातला निम्मा गोंधळ तिथूनच येतो.

दिल्लीत १९५९ साली प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा टीव्ही फुकट होता का? नव्हता. संच घरात ठेवायचा तर परवाना लागे, त्याचं शुल्क पोस्टात भरावं लागे. हे परवाने १९८०च्या दशकाच्या मध्यात गेले. पण प्रक्षेपण मुक्त होतं. गच्चीवर अँटेना फिरवत ‘आता दिसतंय का?’ असं ओरडणाऱ्या माणसाला वरळीचा मनोरा ‘तू कोण?’ असं विचारत नव्हता.

ही मुक्तता येते कुठून? लहरींच्या स्वभावातून. मनोऱ्यातून लहर निघाली की शंभर घरांनी पाहिलं काय किंवा एक लाख घरांनी पाहिलं काय, मनोऱ्याला वीज तेवढीच लागते. अर्थशास्त्रज्ञ दीपगृहाचं उदाहरण देतात ते असंच: एका जहाजाने प्रकाश घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही, आणि कुणाला वगळताही येत नाही. आपण यात तिसरा गुण जोडू: घेणारा कोण, हे देणाऱ्याला कळत नाही. इंटरनेटवरच्या व्हिडिओत नेमकं उलटं आहे. प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह, प्रत्येकाचा वेगळा डेटा, आणि काय पाहिलं याची नोंद.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितलं, की रेडिओलहरींसाठी वापरला जाणारा हा वर्णपट, म्हणजे ‘एअरवेव्ह्ज’, सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे तुमची-आमची. मग या मालमत्तेचं झालं काय?

दूरदर्शनचे चौदाशेच्या आसपास जमिनीवरचे प्रक्षेपक होते. जुन्या ॲनालॉग पद्धतीचे हे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करत आणले, आणि २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक वगळता बहुतेक थांबले. फारसं कुणी हळहळलं नाही, कारण लोक आधीच केबल आणि डिशकडे गेले होते. २०१६ साली मुंबई, औरंगाबादसह सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं; पण ते पकडणारे संच घरोघरी नव्हते. तिकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, जो अनेक देशांत टीव्हीसाठी वापरला जाई, आपल्याकडे २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी गेला.

मग ‘फ्री’ टीव्ही संपला का? नाही, तो आकाशात गेला. २००४ साली सुरू झालेली, आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी सेवा चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. डिश आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घ्यायचा, पुढे महिन्याची वर्गणी नाही. पण तिथल्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात. चार मोठ्या समूहांच्या हिंदी मनोरंजन वाहिन्या २०१९ मध्ये तिथून गेल्या, २०२० मध्ये परतल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही, ही त्यातली मेख.

आता नवी गोष्ट येऊ घातली आहे: डायरेक्ट-टू-मोबाइल. मनोऱ्यावरून थेट फोनवर प्रक्षेपण. सिम नको, इंटरनेट नको. आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती यांनी त्याच्या चाचण्या केल्या आहेत. यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागेल आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, यावर वाद आहे.

इथे कुणी विचारेल, ‘सर, स्वस्त डेटा असताना हा खटाटोप कशाला?’ आक्षेप रास्त आहे. पण पूर आला, वादळ आलं, सगळे एकदम फोन करू लागले, की मोबाइलचं जाळं कोंडतं. प्रक्षेपण कोंडत नाही. ऐकणारे वाढले म्हणून त्याच्यावर ताण येत नाही. आणि ज्याच्या घरी महिनाअखेरीला रिचार्ज संपतो, त्याच्यासाठी बातम्या, शाळेचे धडे, शेतीची माहितीही त्याच दिवशी संपावी का?

तेव्हा कोणतंही नवं तंत्र आलं की आपण तीन प्रश्न विचारू. पाहण्यासाठी कुणाची परवानगी लागते का? एक प्रेक्षक वाढला तर खर्च वाढतो का? पाहणारा कोण, हे देणाऱ्याला कळतं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते मुक्त. जुना मनोरा या कसोटीला पूर्ण उतरत होता. फ्री डिशही बरीचशी उतरते. इंटरनेट उतरत नाही. डायरेक्ट-टू-मोबाइलचं उत्तर अजून ठरायचं आहे, कारण फोन हे ऐकणारं यंत्र आहे तसं सांगणारंही आहे. ते नियम लिहिताना ठरेल.

पैसे कोणी द्यायचे, करातून की जाहिरातींतून, हा वाद चालू राहील. प्रक्षेपण खऱ्या अर्थाने फुकट कधीच नव्हतं. ते मुक्त राहावं, एवढं मात्र आपण मागू शकतो. मालमत्ता आपली आहे.

 आता आपण प्रश्न घेऊ.