शंका मांडणारा वकील

सोनी वाहिनीवर २०१० साली 'अदालत' ही मालिका सुरू झाली. रोनित रॉयने रंगवलेला के. डी. पाठक त्यात जवळजवळ प्रत्येक खटल्यात एकच चमत्कार करून दाखवत असे. अशील निर्दोष असल्याचे तो सिद्ध करायचाच, शिवाय खरा खुनी कोण हेही भर कोर्टात सांगायचा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला माणूस आधी गोंधळायचा, मग घामाघूम व्हायचा आणि शेवटी ओरडून कबुली द्यायचा. मालिका लोकांना मनापासून आवडली. फौजदारी वकील असाच असतो, ही समजूतही अनेकांच्या मनात तिथेच पक्की झाली.

आता महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा न्यायालयात चाललेली उलटतपासणी पाहावी. वकील प्रश्न विचारतात आणि साक्षीदार उत्तर देतो. न्यायाधीश त्या प्रश्नोत्तराचे एक वाक्य करून लघुलेखकाला सांगतात, आणि ते टंकले जाईपर्यंत सगळे थांबतात. कागदावर उतरते ते असे : 'हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो.' अशी शंभर-दीडशे नकारार्थी वाक्ये, पंचनाम्यातली एक खाडाखोड, जबाबाच्या दोन तारखांमधला फरक आणि जप्त मुद्देमालाच्या पुडक्यावर नसलेले एक सील. निकाल बहुतेक वेळा या कागदांवर लागतो. साक्षीदार ओरडून कबुली देत नाही, आणि पंचनाम्यातली विसंगती कोर्टाच्या रेकॉर्डवर आणून योग्य जागी थांबणाऱ्या वकिलाला तशी कबुली लागतही नाही.

आणखी एक फरक याहून मोठा आहे. मालिकांत वकील आरोपीलाच पिंजऱ्यात उभा करून हवे ते विचारतात. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला शपथ न देता खुलासा विचारतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३ ते हेच. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ ने घेतली आहे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. खून कोणी केला हे सांगण्याचे बंधन बचावाच्या वकिलावर कधीच नसते. सरकारी पुराव्यात वाजवी शंकेला जागा आहे, एवढे त्याने दाखवले तरी पुरते. हे तत्त्व समजले की पडद्यावरच्या आणि प्रत्यक्षातल्या वकिलांची तुलना नीट करता येते.

कोर्टातच खुनी पकडणाऱ्या या नायकाचा मूळपुरुष अमेरिकी आहे. कॅलिफोर्नियातले वकील अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी १९३३ मध्ये पेरी मेसनची पहिली कादंबरी लिहिली. १९५७ ते १९६६ या काळात सीबीएस वाहिनीवर रेमंड बरने त्याची भूमिका केली. तब्बल २७१ भागांत सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर जवळपास दर आठवड्याला हरत राहिला. या मालिकेने एका पिढीला वकिलीकडे वळवले. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या सोनिया सोटोमायोर यांनी लहानपणी पाहिलेल्या पेरी मेसनचा उल्लेख २००९ मध्ये सिनेटसमोर केला होता. पण खुद्द गार्डनर यांची खरी कामगिरी त्यांच्या नायकापेक्षा जास्त कौतुकाची वाटते. १९४८ मध्ये त्यांनी तपासतज्ज्ञ आणि न्यायवैद्यक जाणकारांना एकत्र करून 'कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट' नावाचा गट उभा केला. शिक्षा भोगत असलेल्या, पण कदाचित निर्दोष असलेल्या माणसांची प्रकरणे हा गट पुन्हा उघडून पाहत असे. त्या कामात जुन्या फायली चाळणे, साक्षीदार शोधणे, पत्रव्यवहार करणे हेच जास्त होते, आणि यश मिळेल याची खात्री कधीच नव्हती.

इंग्लंडमध्ये जॉन मॉर्टिमर यांनी वेगळी वाट धरली. ते स्वतः नामांकित बॅरिस्टर. 'ऑझ' मासिकावर १९७१ मध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा बचावाची बाजू त्यांनी लढवली होती. त्यांच्या लेखणीतून आलेला होरेस रम्पोल १९७८ ते १९९२ दरम्यान लिओ मॅकर्नने पडद्यावर साकारला. रम्पोल किरकोळ चोऱ्या करणाऱ्या टिमसन कुटुंबाची वकिली वर्षानुवर्षे करतो. अशील साधुसंत नाहीत हे त्याला पक्के ठाऊक असते, तरीही तो त्यांच्यासाठी जीव तोडून उभा राहतो. पडद्यावरच्या वकिलांमध्ये खऱ्या वकिलाच्या सर्वांत जवळ जातो तो रम्पोलच.

खरा खटला आणि त्यावरची मालिका शेजारी ठेवून पाहायची, तर नानावटी खटल्याइतके चांगले उदाहरण नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी नेपियन सी रोडजवळच्या 'जीवनज्योत' इमारतीत प्रेम आहुजावर गोळ्या झाडल्या. त्याआधी पत्नी सिल्व्हियाने आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली होती. नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमाशी सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आणि मग ते आहुजाच्या घरी गेले. नानावटींचे वकील होते कार्ल खंडालावाला. मुंबईतले आघाडीचे फौजदारी वकील आणि त्याच वेळी भारतीय लघुचित्रांचे मोठे अभ्यासक. झटापटीत गोळ्या सुटल्या, खून करण्याचा हेतू नव्हता, हा त्यांचा बचाव होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले.

उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्यांत यशवंत चंद्रचूड होते, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. झटापट झाली असेल तर नुकत्याच आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागेवर कसा राहिला, हा साधा प्रश्न खटल्यात निर्णायक ठरला. ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

२०१९ मध्ये आलेल्या 'द व्हर्डिक्ट : स्टेट व्हर्सेस नानावटी' या वेबमालिकेत अंगद बेदीने खंडालावाला आणि सुमीत व्यासने राम जेठमलानी उभे केले. कथानकाचा बराच जोर या दोघांच्या सामन्यावर आहे. प्रत्यक्षात सत्र न्यायालयात सरकारी वकील होते सी. एम. त्रिवेदी. पस्तिशीतले जेठमलानी मृताची बहीण मामी आहुजा यांच्यातर्फे फक्त खटल्यावर लक्ष ठेवायला बसले होते. साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पडद्याला दोन तुल्यबळ मल्ल हवे असतात, म्हणून मागच्या बाकावरचा तरुण पुढे आणला गेला. त्याने नाट्य वाढले हे खरे, पण शिकण्यासारखी गोष्ट मागच्या बाकावरच होती. तोंड न उघडता पुरावा टिपत राहणे आणि सरकार पक्षाला टिपणे पुरवणे हेही वकिलाचेच काम असते. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. मामी आहुजांनी माफीला लेखी संमती द्यावी यासाठी रदबदली करणाऱ्यांतही जेठमलानी होते. ज्याच्या शिक्षेसाठी झटले, त्याच्याच सुटकेला त्यांनी हातभार लावला. कोणत्याही पटकथाकाराला हे वळण सहजासहजी सुचले नसते.

जेठमलानींची पुढची कारकीर्द लोकांना जितकी भावली, तितकीच खुपली. इंदिरा गांधी हत्या खटल्यात त्यांनी आरोपींची बाजू मांडली. ऑगस्ट १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलबीर सिंगला निर्दोष सोडले. केहर सिंगची फाशी मात्र कायम राहिली. संसद हल्ला प्रकरणात कनिष्ठ न्यायालयाने फाशी सुनावलेल्या प्राध्यापक एस. ए. आर. गिलानी यांच्यासाठीही ते उभे राहिले. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गिलानींना सोडले. त्या दिवसांत जेठमलानींना शिव्याशाप देणारे थोडेथोडके नव्हते.

इथेच दूरदर्शन आणि वास्तव यांच्या वाटा वेगळ्या होतात. पाठकचा किंवा पेरी मेसनचा अशील निर्दोष आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे वकिलावर प्रेम करणे सोपे जाते. खऱ्या वकिलाला ही खात्री कोणी देत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर मुळीच नाही. म्हणून पडद्यावर बचावाचा वकील नायक ठरतो, पण महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेले फौजदारी वकील उज्ज्वल निकम हे सरकारी बाजूचे आहेत. जळगावहून आलेल्या निकमांनी १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून काम केले. त्यात १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले. एवढा अवाढव्य पुरावा वर्षानुवर्षे हातात धरून ठेवणे ही मोठीच कामगिरी होती. परंतु २६/११च्या हल्ल्यातला आरोपी कसाब याने तुरुंगात बिर्याणी मागितल्याचे आपण सांगितले ते खरे नव्हते, लोकभावनेचा रोख बदलण्यासाठी आपण तसे बोललो, असे त्यांनीच २०१५ मध्ये जयपूरला जाहीर केले. कोर्टाबाहेरचे कॅमेरे चांगल्या वकिलालाही मालिकेतल्या संवादांकडे कसे ओढतात, हे यातून कळते, आणि ते काळजी करण्यासारखे आहे.

'क्रिमिनल जस्टिस'मधला माधव मिश्रा याबाबतीत जमिनीवर आहे. मूळ ब्रिटिश मालिका पीटर मोफॅट या माजी बॅरिस्टरने लिहिली. २०१९च्या हिंदी अवतारात पंकज त्रिपाठीने पोलीस ठाण्यांभोवती अशिले शोधत फिरणारा वकील उभा केला, ज्याच्या पायांना इसब झाला आहे आणि ज्याला मोठ्या फर्ममधले वकील मोजत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत १०० कैद्यांमागे सुमारे ७६ जण न्यायाधीन, म्हणजे निकालाची वाट पाहणारे होते. त्यांच्या नशिबी जेठमलानी नसतात. जामिनाच्या अर्जासाठी तारखेमागून तारीख उभा राहणारा असा एखादा मिश्राच त्यांचा आधार असतो.

२६/११च्या खटल्यात बचावाची किंमत काय असते ते मुंबईने पाहिले. कसाबसाठी अंजली वाघमारे यांची नियुक्ती होताच त्यांच्या घरासमोर निदर्शने झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका वेगळ्या प्रकरणात स्पष्ट केले की, अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील संघटनांनी करणे बेकायदा आहे.

याच खटल्यात फहीम अन्सारी या आरोपीचे वकील होते शाहिद आझमी. कोवळ्या वयात टाडाखाली तुरुंगवास भोगलेला, तिथेच शिकलेला आणि बाहेर येऊन वकील झालेला हा तरुण. त्यांच्यावरचा हंसल मेहतांचा 'शाहिद' हा चित्रपट अनेकांनी पाहिला आहे. सरकारचा आरोप असा होता की, हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे फहीमने हाताने काढून दिले आणि त्यातला एक मारल्या गेलेल्या हल्लेखोर अबू इस्माईलच्या खिशात सापडला. बचाव पक्षाने त्या कागदाकडेच बोट दाखवले. गोळ्या लागून कपडे रक्ताने माखलेल्या माणसाच्या खिशातला कागद इतका स्वच्छ कसा? त्यावर रक्ताचा डाग का नाही? कसाबच्या कृत्याची भीषणता सगळ्या देशाने डोळ्यांनी पाहिली होती. त्याच खटल्यात, त्याच न्यायाधीशांसमोर हा प्रश्न विचारायला धैर्य लागते, आणि त्याआधी तो कागद बारकाईने न्याहाळावा लागतो.

११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या कार्यालयात शाहिद आझमींची गोळ्या घालून हत्या झाली. वय होते अवघे ३२. फहीमचा बचाव दुसऱ्या वकिलाने पुढे नेला. ३ मे २०१० रोजी न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी कसाबला दोषी ठरवले आणि त्याच निकालात त्या नकाशाच्या पुराव्यावर अविश्वास दाखवून फहीम अन्सारीला निर्दोष मुक्त केले. ही मुक्तता मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी, कसाबची फाशी कायम करतानाच, कायम ठेवली.