वाढ विशीत थांबत नाही!

आई स्वयंपाकघरात गेली तरी बाळ रडून आकांत करत नाही, आपलं आपण खेळत राहतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या मते ही बाळाची पहिली सामाजिक कमाई! आई परत येणार, हा भरवसा त्याच्या मनात रुजलेला असतो. भूक लागली की दूध मिळतं, रडलं की कुणीतरी उचलून घेतं, हे रोज अनुभवूनच तो रुजतो.

पुढे दोन-तीन वर्षांचं पोर शर्टाचं बटण चुकीच्या काजात घालतं आणि मदतीचा हात झिडकारतं. ‘मीच लावणार!’ अशा वेळी घाई असली तरी थांबावं, असं मला मनापासून वाटतं. सारखं रागावलं, हसलं, तर स्वतःबद्दलची शंका तिथेच घर करते.

एरिक्सनने १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’त असे आठ टप्पे मांडले, थेट म्हातारपणापर्यंतचे. किशोरवयातला ‘मी कोण?’ हा झगडा सगळ्यांना ठाऊक असतो. मला जास्त मोलाचा वाटतो तो मध्यमवयाचा टप्पा: पुढच्या पिढीसाठी काही उभं करायचं की स्वतःतच अडकून पडायचं?

याच नजरेतून त्याने गांधीजींचाही अभ्यास केला. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपावेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते. त्या संपाभोवती गुंफलेलं त्याचं ‘गांधीज ट्रुथ’ १९६९ मध्ये आलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. जमलं तर नक्की वाचा.